उघड्या मातीवरील पिवळे शैवाक

गोडा मसाला करताना त्यात जे करडे-काळसर, वजनाला हलके आणि कडेला चुरमुडलेल्या पानासारखे दिसणारे दगडफूल घातले जाते, ते फूल नव्हे हे कोणीही सांगू शकेल. पण मग ते काय आहे, असे विचारले तर उत्तर देणे तितकेसे सोपे जात नाही. त्याला मूळ नसते, खोड नसते, पान नसते. वनस्पतिशास्त्रात अशा सजीवांना शैवाक असे नाव आहे. दगडफुलासारखी बहुसंख्य शैवाके झाडांच्या सालींवर किंवा खडकांवर वाढतात. परंतु काही थोडी शैवाके उघड्या मातीवर आपले बस्तान बसवितात. जेथे गवतही धड उगवत नाही, अशा रुक्ष, निकस आणि उन्हाने तापणाऱ्या जमिनीवर ती राहतात. अशा शैवाकांपैकी एकाची ओळख या लेखात करून घ्यावयाची आहे. त्याचा रंग अंड्यातील बलकासारखा पिवळाधमक असतो आणि त्याचा संसार पाहिला म्हणजे 'नापीक जमीन' या शब्दाचा अर्थ पुन्हा एकदा तपासून पाहावा, असे वाटू लागते.

नाव आणि रूप

या शैवाकाचे पहिले शास्त्रीय वर्णन ओलोफ स्वार्ट्‌झ या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ साली केले. त्या वेळी त्याने वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती. त्याने या जातीला 'लायकेन फुल्गेन्स' असे नाव दिले. 'फुल्गेन्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'झळाळणारा' असा आहे. पुढे शैवाकांच्या वर्गीकरणात जसजशी सुधारणा होत गेली, तसतसे या जातीचे स्थानही बदलत गेले. दीर्घकाळ ती 'फुल्गेन्सिया फुल्गेन्स' म्हणून ओळखली जात होती. २०१३ साली, आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासाच्या आधारे तिच्या कुलाची नव्याने मांडणी झाली आणि तेव्हापासून 'गायालोलेचिया फुल्गेन्स' हे नाव रूढ झाले. प्रजाती बदलली तरी 'झळाळणारा' हे विशेषण मात्र स्वार्ट्‌झच्या काळापासून तिला चिकटून राहिले आहे, आणि ते योग्यच आहे.

हे शैवाक यूरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया या प्रदेशांत आढळते. चुनखडीवरील मातीचा पातळ थर, जिप्समच्या टेकड्यांचे उतार, शिंपल्यांचा चुरा मिसळलेल्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्या ही त्याची आवडती ठिकाणे होत. या सर्व ठिकाणी दोन गोष्टी समान असतात. मातीत कॅल्शियम भरपूर असते आणि पाणी फार वेळ टिकत नाही.

जमिनीला घट्ट चिकटलेली, एक ते तीन सेंटिमीटर व्यासाची वर्तुळाकार खपली, असे त्याचे रूप असते. कडेला या खपलीचे छोटे छोटे लोळासारखे भाग झालेले असतात, त्यामुळे ती एखाद्या चपट्या फुलासारखी दिसते. पुष्कळदा तिच्यावर पांढुरकी भुकटी पसरलेली असते. ही भुकटी प्रामुख्याने कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म स्फटिकांची असते. खपलीच्या मध्यभागी नारिंगी किंवा विटकरी रंगाच्या बारीक चकत्या दिसतात. या चकत्यांमध्ये बीजुके तयार होतात. वाटेने जाणाऱ्याला हे सारे दिसते ते जमिनीवर रंगाचे थेंब सांडल्याप्रमाणे. ते सजीव आहे, अशी शंकादेखील त्याच्या मनात येत नाही.

एका देहात दोन जीव

शैवाक हा एकच एक जीव नाही, ही गोष्ट विज्ञानाला बऱ्याच उशिरा उमगली. सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६० नंतरच्या दशकात असे प्रतिपादन केले की, शैवाक म्हणजे कवक आणि शैवल या दोन निरनिराळ्या जीवांची जोडी होय. समकालीन शैवाकतज्ज्ञांपैकी अनेकांना हे मत मुळीच पटले नाही. आयुष्यभर ज्या वनस्पतींचा अभ्यास केला, त्या मुळात स्वतंत्र वनस्पतीच नाहीत, हे मान्य करणे सोपे नव्हते. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली मिळालेला पुरावा हळूहळू भक्कम होत गेला आणि श्वेंडेनरचा सिद्धांत सर्वमान्य झाला.

आपल्या पिवळ्या शैवाकाचा आडवा छेद घेतला तर ही जोडी स्पष्ट दिसते. वरच्या बाजूला कवकाच्या धाग्यांची घट्ट विणलेली साल असते. तिच्या खाली ट्रेबॉक्सिया नावाच्या हिरव्या, एकपेशीय शैवलाचा थर असतो. त्याखाली कवकतंतूंचा सैलसर भाग असून त्यातील तंतू मातीच्या कणांमध्ये शिरलेले असतात. शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा कवकाला मिळतो. कवक घर बांधते, सावली धरते, पाणी साठविते आणि जमिनीला धरून राहते. ट्रेबॉक्सिया एकट्याने उघड्या मातीवर फारशी आढळत नाही आणि हे कवकही शैवलावाचून निसर्गात स्वतंत्रपणे वाढलेले दिसत नाही. दोघांपैकी एकालाही एकट्याने जेथे निभाव लागला नसता, तेथे दोघे मिळून शतकानुशतके राहत आले आहेत.

पाण्याशी व्यवहार

कोरड्या प्रदेशातील वनस्पती पाणी जपून वापरतात, हे आपण शाळेत शिकतो. निवडुंग आपल्या जाड खोडात पाणी साठवितो, बाभळीची मुळे खोल जातात. शैवाकाची रीत याच्या नेमकी उलट आहे. ते पाणी जपण्याचा प्रयत्नच करीत नाही. ऊन चढले की ते पूर्णपणे वाळते, इतके की बोटांनी चुरगळल्यास त्याची पूड व्हावी. या अवस्थेत त्याचे श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण जवळजवळ थांबते. ते मेलेले नसते, पण जगण्याचा व्यवहार मात्र त्याने तहकूब केलेला असतो.

या तहकुबीतच त्याचे सामर्थ्य आहे. ओल्या अवस्थेत जी उष्णता त्याला मारून टाकील, ती कोरड्या अवस्थेत ते सहज सोसते. ओटो लांगे या जर्मन शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, यूरोपातील उन्हाळ्यातसुद्धा जमिनीवरील कोरड्या शैवाकांचे तापमान ७० अंश सेल्सियसच्या जवळपास जाऊ शकते आणि तरीही ती जिवंत राहतात.

मग ते जगते केव्हा, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. याचे उत्तर पहाटेच्या दवात आहे. लांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेगेव्ह वाळवंटात अव्दात येथे एका शैवाकावर केलेली मोजमापे १९७० साली प्रसिद्ध झाली. रात्री दव पडले की शैवाक ओलावते आणि त्याचे श्वसन सुरू होते. सूर्य उगवला की त्याच ओलाव्यावर प्रकाशसंश्लेषण सुरू होते. ऊन वाढून ते पुन्हा वाळेपर्यंत मिळणाऱ्या थोड्या वेळात, म्हणजे फार तर दोन-तीन तासांत, त्याला दिवसभराची कमाई करावी लागते. पुढे, १९८६ साली, लांगे आणि सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, ज्या शैवाकांत हिरवे शैवल असते, त्यांना द्रवरूप पाण्याचीही गरज नसते. हवेतील पुरेशी आर्द्रता शोषूनही त्यांचे प्रकाशसंश्लेषण सुरू होऊ शकते. आपले पिवळे शैवाक याच गटात मोडते.

या व्यवहारात तोट्याचा संभवही असतो, हे येथे सांगावयास हवे. रात्रभर ओले राहून शैवाकाने श्वसनात साठा खर्च करावा आणि सकाळी वाऱ्याच्या झोताने ते चटकन वाळून जावे, असे झाले तर त्या दिवशी त्याच्या पदरात काहीच पडत नाही. उलट गाठीचे जाते. म्हणूनच त्याची वाढ अतिशय मंद असते. मातीवरील शैवाकांच्या बाबतीत ती वर्षाला मिलिमीटरमध्ये मोजावी लागते. रुपयाएवढी खपली दिसली, तर तिच्यामागे अनेक वर्षे उभी आहेत असे समजावे.

रंग कशासाठी?

एवढा भडक पिवळा रंग कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. फुलांचे रंग कीटकांना बोलावण्यासाठी असतात, परंतु शैवाकाला कीटकांना बोलावण्याचे प्रयोजन नाही. हा रंग कवक तयार करते आणि त्याचे सूक्ष्म स्फटिक वरच्या सालीत, पेशींच्या बाहेर साठविलेले असतात. अँथ्राक्विनोन नावाच्या संयुगांच्या वर्गातील ही रंगद्रव्ये असून पॅरिएटिन हे त्यांतील सर्वांत परिचित द्रव्य होय. शैवाकावर दाहक पोटॅशचा थेंब टाकला की त्याचा रंग जांभळा-तांबडा होतो. शैवाके ओळखण्यासाठी अशा रासायनिक परीक्षांचा उपयोग करण्याची पद्धत विल्यम नीलांडर या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने १८६६ साली पुढे आणली आणि ती आजही वापरात आहे. नीलांडर हा श्वेंडेनरच्या सिद्धांताचा कट्टर विरोधक होता, हेही जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

या रंगद्रव्याचे कार्य नॉर्वेतील सोलहाउग आणि गाउस्ला या दोन शास्त्रज्ञांनी १९९६ साली प्रयोगाने दाखविले. त्यांनी आपल्या शैवाकाच्याच कुलातील, झाडांवर व भिंतींवर वाढणारे 'झँथोरिया पॅरिएटिना' हे शैवाक निवडले. कोरडे शैवाक ॲसिटोनमध्ये धुतले, तर त्यातील पॅरिएटिन निघून जाते, पण शैवाक मरत नाही. अशा प्रकारे रंग काढून घेतलेली आणि रंग असलेली शैवाके त्यांनी प्रखर प्रकाशात ठेवली. रंगहीन शैवाकांमधील शैवलाची हानी अधिक झाली. पिवळे द्रव्य प्रकाशातील निळे किरण आणि काही प्रमाणात जंबुपार किरण शोषून घेते आणि खालच्या हिरव्या थराचे रक्षण करते. म्हणजे हा रंग म्हणजे एक प्रकारची छत्रीच होय. जेथे झाडाची सावली नाही, गवताचा आडोसा नाही, तेथे राहणाऱ्याने आपली सावली आपणच विणली आहे.

ही छत्री आणि कोरडे होण्याची कला या दोन्ही गोष्टी मिळून केवढा टिकाऊपणा येतो, याचे प्रत्यंतर एका वेगळ्याच ठिकाणी आले. त्याच कुलातील 'झँथोरिया एलेगन्स' या खडकावर वाढणाऱ्या नारिंगी शैवाकाचे नमुने २००८-०९ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेरील बाजूस सुमारे दीड वर्ष ठेवण्यात आले होते. पृथ्वीवर परत आणून ओलावल्यावर त्यांतील बहुतांश नमुन्यांत प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू झाले.

शेजारी आणि उसनवारी

पिवळे शैवाक क्वचितच एकटे असते. त्याच्या आसपास विटकरी रंगाच्या, पांढऱ्या कडांच्या खवल्यांचे 'सोरा डेसिपिएन्स', निळसर-करडे आणि फुगीर 'टोनिनिया सेडिफोलिया', पांढरट-हिरवे 'स्क्वामारिना लेंटिजेरा' अशी निरनिराळ्या रंगांची शैवाके दाटीने नांदत असतात. हेर्मान रायमर्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास, हार्झ पर्वताच्या पायथ्याकडील कोरड्या टेकड्यांवरील निरीक्षणांच्या आधारे, या मंडळीचे सविस्तर वर्णन केले आणि तिला 'रंगीबेरंगी भू-शैवाकांचा समुदाय' या अर्थाचे नाव दिले.

हा शेजार दिसतो तितका निरुपद्रवी नसतो. कवकाचे बीजुक वाऱ्याने उडून नव्या जागी पडते, तेव्हा त्याच्याबरोबर शैवल नसते. बीजुक रुजले तरी जोडीदार मिळाल्याखेरीज शैवाक तयार होत नाही आणि उघड्या मातीवर योग्य जोडीदार सहजासहजी सापडत नाही. मग तो मिळवावा कोठून? १९९५ साली सिबिल ओट आणि सहकाऱ्यांनी, आपल्या शैवाकाचे निकटचे नातेवाईक असलेल्या 'फुल्गेन्सिया ब्रॅक्टेआटा' या जातीचा टोनिनियाशी असलेला परोपजीवी संबंध उलगडून दाखविला. पिवळे शैवाक आपल्या बाल्यावस्थेत करड्या शेजाऱ्याच्या देहात शिरकाव करते आणि त्याच्या आश्रयाने स्वतःचा देह उभा करते. याच समुदायातील 'डिप्लोस्किस्टिस' प्रजातीतील एक जात तर प्रथम दुसऱ्या शैवाकावर वाढून त्याचे शैवल घेते आणि मोठी झाल्यावर ते टाकून दुसऱ्या जातीचे शैवल स्वीकारते, असे १९८७ साली दिसून आले. दरिद्री वस्तीत ज्याप्रमाणे एका घरातील विस्तव दुसऱ्या घरी जातो, त्याप्रमाणे येथे शैवल एका देहातून दुसऱ्या देहात जाते. फरक इतकाच की, येथे तो मागून नेला जात नाही.

मातीची राखण

शैवाके, हरिता म्हणजेच मॉस, नील-हरित जीवाणू आणि कवके यांचा हा पातळ थर जमिनीच्या वरच्या काही मिलिमीटरांना एकत्र बांधून ठेवतो. त्यांचे धागे आणि त्यांनी स्रवलेली चिकट द्रव्ये मातीचे कण जखडून ठेवतात. त्यामुळे वाऱ्याने धूळ उडत नाही आणि पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने माती वाहून जात नाही. समुदायातील काही काळी शैवाके नील-हरित जीवाणूंच्या साहाय्याने हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतात. पिवळ्या शैवाकाला हे साधत नाही, पण मातीच्या बांधणीत त्याचा वाटा असतोच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार अशा सजीव थराने पृथ्वीवरील भूभागाचा सुमारे १२ टक्के भाग व्यापलेला आहे, आणि हवामानातील बदल व जमिनीच्या वापरातील फेरफार यांमुळे पुढील सुमारे ६५ वर्षांत त्यातील २५ ते ४० टक्के नष्ट होण्याचा संभव आहे.

कोरडा असताना हा थर अतिशय ठिसूळ असतो. एका पावलाने किंवा वाहनाच्या चाकाने जे मोडते, ते पुन्हा भरून येण्यास कित्येक दशके लागू शकतात. यावरून कोणाचाही असा समज होईल की, अशा जमिनीला कुंपण घालावे, माणसांना व गुरांना तेथे फिरकू देऊ नये, म्हणजे शैवाके सुखाने राहतील. वाळवंटी प्रदेशात हे बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु मध्य व उत्तर यूरोपात याच्या अगदी उलट अनुभव आला.

सशांची कथा

पूर्व इंग्लंडमध्ये नॉरफोक आणि सफोक या परगण्यांच्या सीमेवर ब्रेकलँड नावाचा प्रदेश आहे. ब्रिटनमधील हा सर्वांत कमी पावसाच्या प्रदेशांपैकी एक असून तेथे खडूच्या खडकावर वाळूचा थर पसरलेला आहे. मध्ययुगापासून तेथे मांसासाठी व कातड्यासाठी मोठ्या प्रमाणावर ससे पाळले जात. हे ससे आणि मेंढ्या गवत मुळापर्यंत कुरतडीत, बिळांसाठी माती उकरीत आणि त्यामुळे ठिकठिकाणी उघड्या, चुनखडीयुक्त मातीचे तुकडे कायम राहत. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही जमीन कवडीमोलाची होती. परंतु एरव्ही दक्षिण यूरोपातील कोरड्या गवताळ प्रदेशांत आढळणारी रंगीबेरंगी भू-शैवाके येथे टिकून होती.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले. १९२२ पासून तेथे थेटफर्डच्या परिसरात पाइन वृक्षांची विस्तृत लागवड सुरू झाली. उरलेल्या जमिनीचा बराच भाग खते घालून नांगराखाली आणला गेला. १९५३ साली मिक्झोमॅटोसिस हा सशांचा साथीचा रोग ब्रिटनमध्ये पोहोचला आणि दोन-तीन वर्षांत देशातील बहुतेक सर्व ससे मृत्युमुखी पडले. कुरतडणारे तोंड नाहीसे होताच गवत उंच वाढले, उघडी माती झाकली गेली आणि शैवाके गवताच्या सावलीत व पालापाचोळ्याखाली गुदमरली. या समुदायातील 'ब्युएलिया अस्टेरेला' हे ताऱ्याच्या आकाराचे पांढरे शैवाक तर इंग्लंडमधून नाहीसे झाले. कोणी त्यांच्यावर विष फवारले नव्हते, कोणी त्यांना तुडविले नव्हते. जमीन सुधारली, हेच त्यांच्या नाशाचे कारण ठरले.

स्वीडनच्या किनाऱ्यालगतच्या ओलांद बेटावरील परिस्थितीही याच्याशी मिळतीजुळती आहे. बेटाच्या दक्षिण भागात 'अल्वार' नावाचे सुमारे २६० चौरस किलोमीटरांचे विस्तीर्ण चुनखडीचे पठार आहे. त्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की, अनेक ठिकाणी खडक उघडा पडलेला दिसतो. हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्याने माती फुगून उलथीपालथी होते आणि तेथे गवताला मूळ धरू देत नाही. शतकानुशतके तेथे गुरे चरत आली. विसाव्या शतकात चराई कमी झाली, तेव्हा जुनिपरची झुडपे पठारावर पसरू लागली. १९९० नंतरच्या दशकात ती तोडून पुन्हा गुरे सोडण्याचे प्रयत्न करण्यात आले. २००० साली दक्षिण ओलांदच्या या कृषिभूमीचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. माणूस आणि त्याची गुरे यांच्या वावरातून जे भूदृश्य घडले, त्याचाच हा सन्मान होता.

आता एक नवी अडचण उभी आहे. कारखाने, वाहने आणि शेतातील खते यांतून हवेत गेलेली नायट्रोजनयुक्त द्रव्ये पावसाबरोबर सर्वत्र उतरतात. ज्या जमिनीला कोणी खत घातले नाही, तिलाही आता ते आकाशातून मिळते. निकस मातीत जे गवत खुरटून राहिले असते, ते या पोषणावर जोमाने वाढते. म्हणून यूरोपातील काही राखीव क्षेत्रांत शेळ्या-मेंढ्या चारल्या जातात आणि कोठे कोठे गवताचा थर मुद्दाम खरवडून काढून खालची माती उघडी केली जाते. शैवाक वाचविण्यासाठी जमीन दरिद्री ठेवावी लागते.

नापीक म्हणजे काय?

या साऱ्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पिवळे शैवाक दुबळे आहे असे म्हणता येत नाही. उष्णता, दुष्काळ आणि प्रखर प्रकाश ते सोसते. ते बळकट आहे असेही म्हणता येत नाही, कारण बोटभर उंचीचे गवत त्याला संपविते. खडतरपणा हा त्याचा शत्रू नसून तेच त्याचे कुंपण आहे. त्या कुंपणाआड स्पर्धक येऊ शकत नाहीत, म्हणूनच मंद गतीने जगणाऱ्या या जीवाला वेळ मिळतो. सुबत्ता आली की ते कुंपण मोडते. किती चरू द्यावे, किती तुडवू द्यावे याचे उत्तर मात्र प्रत्येक ठिकाणी निराळे असते आणि ते त्या जमिनीकडे पाहूनच ठरवावे लागते.

आपल्या भाषेत जमिनीला नापीक, पडीक, खडकाळ अशी विशेषणे लावली जातात. ही सर्व विशेषणे पिकाच्या दृष्टीने दिलेली आहेत, आणि पोटाची चिंता करणाऱ्या माणसाने ती तशी द्यावीत यात काही वावगे नाही. परंतु ती जमिनीचे पूर्ण वर्णन करीत नाहीत. ज्या मातीतून आपल्याला काहीच मिळत नाही असे वाटते, तिच्यावर कोणीतरी पहाटेच्या दवावर दोन तासांची कमाई करून वर्षाकाठी मिलिमीटरभर वाढत असते. अशी जमीन सुधारण्यास हात घालण्यापूर्वी एकदा गुडघे टेकून, भिंगातून तिच्याकडे पाहावे. तेथे कोण राहत आहे, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.